बापाचा रकाना

नागपूरजवळच्या हुडकेश्वरचे रुपराव गणपत ढोमणे संत्र्याची कलमे बांधण्याचा व्यवसाय करीत. त्याखेरीज १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत त्यांनी लॅब्रॅडोर कुत्र्यांची पैदास केली. ही हकीकत त्या दुसऱ्या कामाची आहे. तिचा काही भाग माझ्या हस्ताक्षरात नोंदलेला असल्याने ती लिहिण्याची जबाबदारी माझ्याकडे येते.

मी १९७१ च्या ऑक्टोबरमध्ये भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालो. लक्ष्मीनगरातील घरात मी आणि माझी पत्नी सुभद्रा असे दोघेच राहत होतो. मुलगी लतिका विवाहानंतर भिलाईस गेली होती. आम्हा दोघांत वितुष्ट नव्हते. बोलण्यासारखे काही उरले नव्हते, इतकेच. सकाळी दूध, दुपारी टपाल आणि सायंकाळी दिवा लावणे यांविषयी चार वाक्ये होत व दिवस संपे. लतिकाने पत्रात लिहिले की तुम्ही एक कुत्रा पाळा. मी ते पत्र कार्यालयीन संदर्भासारखे हाती घेतले.

दीड महिना मी त्यावर काम केले. वाचनालयातून दोन पुस्तके आणली आणि फुलस्केप कागदावर तक्ता आखला. उन्हाळा सोसण्याची शक्ती, केस, आहार, जागा, स्वभाव असे त्याचे रकाने होते. अल्सेशियन आमच्या मे महिन्यापुढे टिकेल असे वाटेना. पॉमेरेनियन शेजाऱ्यांकडे होता आणि तो पोस्टमनला दोनदा चावला होता. डॅक्सहंडचे चित्र मी सुभद्रेला दाखवले. ती म्हणाली, "याच्याकडे पाहून मला हसू येईल. ते नको." शेवटी लॅब्रॅडोर उरला. उन्हाचा रकाना त्यालाही प्रतिकूल होता, परंतु स्वभावाच्या रकान्यात त्याच्याविरुद्ध एकही नोंद नव्हती.

जात ठरली. आता ती कोणाकडून घ्यावी हा प्रश्न होता. जरीपटक्याच्या बाजारात पक्ष्यांचे पिंजरे विकणारा एक दुकानदार टोपलीत पिल्ले ठेवून बसत असे. मी रविवारी गेलो तेव्हा त्याने मला एक पिल्लू अल्सेशियन म्हणून दाखवले. त्याचे कान चिकटपट्टीने उभे केले होते. बुधवारी पुन्हा गेलो आणि लॅब्रॅडोर हवा असे सांगितले, तर तेच पिल्लू कानांची पट्टी काढून लॅब्रॅडोर झाले होते. मी त्याची आई पाहण्याची इच्छा व्यक्त केली.

"माँ को देखके क्या करोगे, बाबूजी?" तो म्हणाला. "रिश्ता पिल्ले से जोड़ना है के उसकी माँ से?"

आजूबाजूचे लोक हसले. मी परत आलो. पशुवैद्यकीय दवाखान्यातील कंपाउंडर लहानूजी यांना मी हा प्रकार सांगितला, तेव्हा त्यांनी मला रुपरावांचे नाव दिले.

"हुडकेश्वरले जा. नर्सरीवाले रुपराव म्हणून विचारा. पण साहेब, तो माणूस कुत्रा विकत नाही, पोरगी देल्यासारखा देते. तुमचं घर पाहाले येइन. पसंत नाही पडलं तं सरळ नाही म्हणते."

*

डिसेंबरातील एका सकाळी मी सायकलने हुडकेश्वरास गेलो. ते तेव्हा खेडेच होते. मानेवाड्यानंतर दोन्ही बाजूंना संत्र्याचे बगीचे लागत. कलमे बांधण्याचा हंगाम होता. साधारण पंचेचाळीस वर्षांचे, कृश बांध्याचे रुपराव जंबेरीच्या रोपांच्या ओळीत उकिडवे बसून काम करीत होते. जंबेरी म्हणजे आंबट, जाड सालीचे लिंबू. त्याच्या रोपाचा खुंट धरतात, सालीला चीर देतात आणि चांगल्या संत्र्याच्या फांदीवरचा डोळा काढून त्या चिरेत बसवतात. त्यांच्या भाषेत याला डोळा भरणे म्हणतात. पुढे त्या डोळ्यातून जे झाड फुटते, ते ज्या झाडाचा डोळा घेतला त्याचीच हुबेहूब प्रत असते. रुपरावांनी काम थांबवले नाही. मी शेजारी उभा राहून माझे प्रयोजन सांगितले.

"पह्यले मायले पाहा," ते म्हणाले. "मंग बोलू."

त्यांची पत्नी प्रयागबाई यांनी मला मागच्या पडवीत नेले. तेथे हिरी नावाची फिकट पिवळी मादी होती. ती माझ्याजवळ आली, तिने माझ्या बोटांचा वास घेतला आणि ती पायांजवळ बसली. दुसऱ्या बाजूस मेजर नावाचा वयस्क नर झोपला होता. कामठी छावणीतील एका मेजरसाहेबांनी बंगल्यासाठी कलमे नेली होती. बदली झाल्यावर त्यांनी हा कुत्रा रुपरावांकडे सोडला, म्हणून त्याचे हे नाव. सोनी नावाची पहिली मादी उमरेडच्या खाणीवरील एका व्यवस्थापकाकडून आली होती. हिरी ही सोनीची मुलगी.

परत आलो तेव्हा रुपरावांनी प्रत्येक कलमाला बांधलेली जस्ताची पट्टी मला दाखवली. तिच्यावर ठोकलेला आकडा हा ज्या झाडाचा डोळा घेतला त्या मायझाडाचा क्रमांक होता.

"कलम नेणाऱ्याले आज काय समजते?" ते म्हणाले. "हिरवं पान दिसते, नेते. संत्रा लागाले पाच वर्स लागतात. पाचव्या वर्सी समजते का यानं मले फसवलं का नाही. म्हणून मी पाचव्या वर्सी स्वता जाऊन पाहतो. कलमाचं बी अन् कुत्र्याचं बी."

यामागील कारण प्रयागबाईंनी चहा देताना सांगितले. स्वतः रुपरावांनी ते कधीच काढले नाही. त्यांचे वडील गणपतराव यांनी एका मालगुजाराला दोनशे कलमे दिली होती. घाईत कुठल्या झाडाचे डोळे भरले याची नोंद राहिली नाही. काही डोळे मेले, खालचा खुंट वाढला, आणि सातव्या वर्षी अर्ध्या बगीच्याला जंबेरी लागली. तेव्हापासून पंचक्रोशीत गणपतरावांना जंबेरीवाला म्हणत. रुपरावांच्या लग्नाच्या पंगतीतही कोणीतरी पानावर लिंबाची फोड वाढताना ढोमण्यांच्या बगीच्यातली दिसते, असे म्हटले होते. ते नाव पुसण्यात रुपरावांची वीस वर्षे गेली होती. आता ढोमण्यांचे कलम म्हटले की लोक पट्टी पाहत आणि दुसरा प्रश्न विचारीत नसत.

पुढच्या आठवड्यात ते आमचे घर पाहण्यास आले. अंगणातील कडुनिंबाची सावली दुपारी कुठवर सरकते हे त्यांनी उभे राहून पाहिले. पाण्याचा नळ पाहिला. फाटकाच्या गजांतून मूठ जाते का ते करून पाहिले. नंतर ओसरीवर बसून त्यांनी सुभद्रेला विचारले,

"दुपारी घरी कोण राहते, बाई?"

"मीच असते."

"बोलता का तुमी?"

"कुणाशी?"

"कुत्र्याशी जी. बिन बोलल्या घरात ते खराब होते."

सुभद्रा म्हणाली, "शिकेन."

रुपरावांनी ते उत्तर मान्य केले. ११ फेब्रुवारी १९७२ रोजी हिरीला पाच पिल्ले झाली. त्यांतील एक नर नवव्या आठवड्यात आमच्याकडे आला. मी तीन नावे सुचवली. सुभद्रेने होकार वा नकार दिला नाही. ती त्याला नुसते "अरे" म्हणून हाक मारी. तो त्या हाकेला येऊ लागला. दवाखान्याच्या कार्डावर लहानूजींनी नाव विचारले तेव्हा मी "अरे" असेच सांगितले, आणि त्यांनी ते न हसता लिहिले.

*

त्याच वर्षी रुपरावांनी आपली जुनी वही माझ्यापुढे ठेवली. तिच्यात कलमे, कुत्री आणि बैलांची औषधे एकत्र लिहिलेली होती. कुत्र्यांचा भाग वेगळा करून द्यावा अशी त्यांची विनंती होती. मी जाड पुठ्ठ्याची नोंदवही आणली आणि त्यांच्या कलमांच्या वहीप्रमाणेच रकाने आखले: अनुक्रमांक, जन्मतारीख, माय, लिंग व रंग, कोणास दिले, पाचव्या वर्षीचा शेरा. चौतीस वर्षे मी नोंदवह्या आखल्या व तपासल्या होत्या. ही वही सुबक झाली असे मला वाटले, आणि त्यांनाही.

पुढील चार वर्षे विशेष काही घडले नाही. सोनीच्या दोन वेतांची नऊ पिल्ले आधीच दिलेली होती. त्यानंतर १९७१ पासून हिरी आणि तिची बहीण चंपी यांची मिळून अठरा पिल्ले दिली गेली. ज्यांची पाच वर्षे भरत त्यांच्याकडे रुपराव स्वतः जात आणि परत आल्यावर मला शेरा सांगत. मी लिही: उत्तम. प्रकृती चांगली. उत्तम. ते दिवसा जात, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे.

१९७६ च्या हिवाळ्यात माझ्या लक्षात आले की सुभद्रा सूर्यास्तापूर्वीच ओसरीवरचा दिवा लावू लागली आहे. विजेचा अपव्यय होतो असे मी म्हणालो. ती म्हणाली, "त्याला पायरी दिसत नाही." मी त्या सायंकाळी दिवा लावू दिला नाही व निरीक्षण केले. अरे पायरीशी आला, थांबला, त्याने एक पाय पुढे करून हवेत धरला आणि मागे घेतला. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा पाहिले. आठवडाभराची निरीक्षणे लिहून मी त्याला पशुवैद्यकीय महाविद्यालयातील एका प्राध्यापकांकडे नेले.

त्यांनी अंधाऱ्या खोलीत त्याचे डोळे बराच वेळ तपासले. डोळ्याच्या आतला पडदा झिजत चालला आहे, आधी अंधारातले दिसेनासे होते, यावर उपाय नाही, दोन वर्षांच्या आत पूर्ण अंधत्व येईल, असे त्यांनी सांगितले. हा दोष रक्तातून येतो. तो आईकडून व वडिलांकडून दोन्हींकडून आला तरच प्रकट होतो. एकाकडूनच आला तर कुत्र्याला दिसते, पण दोष त्याच्यात लपून राहतो.

"याची आई कोण?" त्यांनी विचारले.

"हिरी. रुपराव ढोमण्यांची."

"आणि वडील?"

मी नोंदवही बरोबर नेली होती. ती मी उघडली, आणि त्या वहीत असा रकाना नाही हे माझ्या लक्षात आले. मी ती मिटली.

*

दुसऱ्या दिवशी मी हुडकेश्वरास गेलो. रुपराव तसेच ओळीत बसले होते. मी प्राध्यापकांचे म्हणणे क्रमाने सांगितले. ते ऐकत होते आणि डोळा बसवून त्यावर केळीच्या सोपटाची पट्टी गुंडाळीत होते. प्रयागबाई हातातली घागर खाली ठेवून उभ्या राहिल्या.

"अरेचा बाप कोण?" मी विचारले.

"मेजर."

"हिरीचा?"

"मेजरच होय."

"चंपीचा?"

याचे उत्तर प्रयागबाईंनी दिले. "तिचा बी मेजर. दुसरा होता कोण इथं?" आणि मग पतीकडे वळून त्या म्हणाल्या, "पोरीची सोयरीक करता तं मामाचं कूळ पाहता, आत्याचं कूळ पाहता. इथं काहून नाही पाहिलं जी? बापालेच लेक देली."

रुपरावांनी पट्टीची गाठ मारली.

"झाडाले बाप नाही राहत वं," ते म्हणाले.

याहून अधिक स्पष्टीकरण त्यांनी तेव्हा किंवा नंतर दिले नाही. मला ते पुरेसे होते. आयुष्यभर त्यांनी जे काम केले त्यात एका चांगल्या झाडाचा डोळा घेतला की तेच झाड पुन्हा मिळते. दुसऱ्या कोणाचा त्यात संबंध येत नाही. त्यांना मेजर आणि सोनी यांचा वाण टिकवायचा होता. बाहेरचे रक्त आणले तर वाण बिघडेल असे त्यांना वाटले, म्हणून त्यांनी तो घरातल्या घरात राखला. आणि मी, ज्याने जन्मभर सातबाऱ्यात पित्याचे नाव नसलेली नोंद परत पाठवली, त्याने ती वही पित्याच्या रकान्याविना आखून दिली होती. याबद्दल तेव्हा मला काही वाटल्याचे आठवत नाही. मी फक्त पाहत होतो की आणखी किती रोपे बांधायची बाकी आहेत.

"किती झाले साहेब, हिरी-चंपीचे?"

"अठरा. सोनीचे नऊ निराळे. त्यांना दिसेल, परंतु दोष त्यांच्यातही असू शकतो."

"सत्तावीस घरं," ते म्हणाले.

प्रयागबाईंनी तेव्हा जे सांगितले ते चुकीच्या हेतूने सांगितले असे मी मानत नाही. "कोणाले समजते जी? कुत्र्याले दिसत नाही तं म्हातारं झालं म्हणतीन. ते काय तोंडानं सांगते का, मले रुपरावनं आंधळं देलं म्हणून? अन् तुमी दारोदार जाऊन सांगसान, तं कलमं कोण नेइन? पुन्हा जंबेरी-जंबेरी करतीन लोकं. ते मी एकडाव ऐकलं. आता नाही ऐकत."

रुपरावांनी चाकू धोतराच्या सोग्याला पुसला व मिटला.

"चंपी पोटुशी हाय," ते म्हणाले. "तीन पिल्लं बोलून ठेवले हायत. पह्यले त्याईले नाही म्हणून सांगू. मंग बाकीचे."

*

जानेवारी ते मे १९७७ या काळात आम्ही दोघे सायकलींवरून सव्वीस घरी गेलो. वही माझ्या पिशवीत असे. रुपरावांनी सांगायची वाक्ये ठरवली होती आणि ती प्रत्येक घरी त्याच क्रमाने सांगत. माझ्याकडून चूक झाली. कुत्र्याले रात्री दिसत नसन तं तो दोष माझ्याकडचा होय. याची जोडी लावू नका. नको असन तं मी परत घेऊन जातो.

परत कोणीही दिला नाही. लोक कसे बोलले ते मात्र सारखे नव्हते. पारडीजवळ लाकडाचा टाल, म्हणजे वखार, चालवणारे नत्थूजी प्रथम गोंधळले.

"भुकते ना?" त्यांनी स्वतःच्याच नोकराला विचारले.

"भुकते जी. रातभर भुकते."

"मंग डोळ्याचं काय काम हाय, रुपरावजी? चोराले पाहून त्याची फोटू काढाची हाय का?"

रुपराव हसले नाहीत. त्यांनी तिसरे वाक्य पुन्हा सांगितले व आम्ही निघालो.

महालातील यमुताई या निवृत्त शिक्षिका एकट्या राहत. त्यांनी आम्हाला बसवले आणि सगळी वाक्ये ऐकून घेतली. "मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "दोन वर्षे झाली त्याला. मी घरातली खुर्ची हलवत नाही." पाचव्या वर्षी रुपराव गेले तेव्हा त्यांनी हे का सांगितले नाही, असे मी विचारले. माझ्या वहीत तेथे "उत्तम" असा शेरा होता. "ते एवढ्या लांबून आले होते," त्या म्हणाल्या, "आणि त्यांनी विचारलं, कसा आहे? तो चांगलाच आहे." मी तो शेरा खोडला नाही, त्यापुढे स्वल्पविराम देऊन "अंध" असे लिहिले.

कळमेश्वरचे मारोतराव हे मोठे बागायतदार होते. त्यांच्याकडे चंपीचा एक नर होता आणि त्या हंगामासाठी त्यांनी चारशे कलमे सांगून ठेवली होती. त्यांच्या ओट्यावर तेव्हा पाच-सहा माणसे बसलेली होती. रुपरावांनी सर्वांसमोर आपली वाक्ये सांगितली. मारोतरावांनी पानाची पिचकारी टाकली आणि कुत्र्याला हाक मारली. तो आवाजाच्या रोखाने आला आणि वाटेतल्या बादलीवर आपटला.

"कुत्र्यात असं हाय," मारोतराव म्हणाले, "तं कलमात कसं असन गा?"

"कलमाची पट्टी हाय जी."

"कुत्र्याची बी वही होतीच ना तुही." ते माणसांकडे वळले. "बाप जंबेरीवाला होता. पोरगा आंधळेवाला निंगाला."

माणसे हसली. रुपराव म्हणाले, "हो जी." मग त्यांनी चौथे वाक्य, जे राहिले होते, ते सांगितले: नको असन तं मी परत घेऊन जातो. मारोतरावांनी हात झटकला. कलमे नकोत, असे त्यांनी आम्ही फाटकापर्यंत गेल्यावर मोठ्याने सांगितले. परतीच्या वाटेवर रुपराव एका विहिरीवर पाणी प्याले, त्यांनी तोंड धुतले, आणि सायकलची चेन पडली होती ती बसवली. मला त्यांच्याविषयी सहानुभूती वाटत होती असे लिहिणे शोभेल, पण त्या उन्हात मी मैलांचे दगड मोजत होतो.

मेअखेरीस वहीची स्थिती अशी होती: हिरी व चंपी यांच्या अठरांपैकी दहा अंध किंवा होऊ घातलेले, दोन आधीच मृत, पाच डोळस, एक बेपत्ता. सोनीचे नऊही डोळस. बेपत्ता म्हणजे अनुक्रमांक सतरा. हिरीचा तो नर रेल्वेतील ताराचंद नावाच्या गृहस्थांना दिला होता आणि आम्ही गेलो तेव्हा त्यांची बदली झालेली होती. पाठवलेले पत्र "पत्ता बदलला" असा शिक्का घेऊन परत आले.

चंपीला जानेवारीत सहा पिल्ले झाली होती. ती कोणालाही दिली नाहीत. बोलून ठेवलेल्या तिघांपैकी एक गृहस्थ बंगल्यावर नेण्यासाठी मोटार घेऊन आले आणि आंधळे निघाले तरी चालेल, म्हणाले. रुपरावांनी त्यांना चहा पाजून परत पाठवले. त्या उन्हाळ्यात मेजर मरण पावला. हिरी, चंपी आणि सहा पिल्ले बगीच्यातच राहिली. माद्यांच्या जवळ पुन्हा कोणताही नर येऊ नये म्हणून रुपरावांनी पडवीला जाळी मारली आणि पिल्लांतील नर पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन खच्ची करून आणले. सहांपैकी तीन पुढे अंध झाली.

पुढच्या हंगामात कलमे नेण्यासाठी येणाऱ्या बैलगाड्या कमी झाल्या. रुपराव सकाळी ओळीत बसत आणि पूर्वीइतकीच रोपे बांधीत; उरलेली जागच्या जागी वाढत आणि विकण्याच्या वयापुढे जात. प्रयागबाई त्यांच्याशी त्याबद्दल भांडल्या नाहीत. त्या कुत्र्यांना भाकरी घालताना एकेकाचे नाव घेऊन थाळी जमिनीवर वाजवीत, म्हणजे न दिसणाऱ्यांना कळे. आमच्या घरी सुभद्रा अरेला प्रत्येक पायरीपूर्वी "पायरी" असे सांगू लागली. नंतर "उंबरा", "बादली", "गाय", "पोस्टमन". दिवसभरात ती चाळीस-पन्नास शब्द बोले आणि ते सर्व त्याच्याशी असत. ती १९८१ च्या जानेवारीत गेली. अरे त्यानंतर चार महिने होता.

*

अनुक्रमांक सतराचा ठावठिकाणा १९७८ च्या सप्टेंबरात आपोआप लागला. बिलासपूरहून ताराचंदजींचे हिंदीतील पोस्टकार्ड रुपरावांच्या नावे आले. रुपरावांना हिंदी वाचता येई, पण अक्षर बारीक होते म्हणून ते कार्ड घेऊन ते माझ्याकडे आले. मी वाचून दाखवले. कुत्र्याला पाच वर्षे पूर्ण झाली, तो सुदृढ आहे, रात्री मालधक्क्यावर माझ्याबरोबर फिरतो आणि अंधारात माझ्या आधी साप पाहतो. तुम्ही पाचव्या वर्षी येऊ म्हणाला होता, मी इतक्या दूर असल्याने येऊ शकला नसाल, म्हणून मीच कळवतो. येथे सर्वांना त्याच्यासारखे पिल्लू हवे आहे. त्याच्यासाठी तुमच्याकडचीच एक मादी पाठवावी. ढोमण्यांकडचे म्हटल्यावर मी दुसरीकडे पाहणार नाही.

रुपरावांनी ते पुन्हा वाचण्यास सांगितले. मी पुन्हा वाचले. "ढोमण्यांकडचे" या शब्दापाशी त्यांनी बोट ठेवले.

"याले माहीत नाही," ते म्हणाले.

"नाही. पत्र परत आले होते."

"अन् याचा कुत्रा डोळस हाय."

"आहे. तथापि प्राध्यापकांच्या म्हणण्याप्रमाणे दोष त्याच्यात लपलेला असू शकतो."

"मले समजते जी, तेच म्हणून राहिलो." त्यांनी कार्ड उलटे करून पत्ता पाहिला. "नुसतं मादी नाही म्हणून लिहिलं, तं हा दुसऱ्याची मादी आणीन. त्याचे पिल्लं अख्ख्या बिलासपुरात जातीन."

"तर कारणही लिहावे लागेल."

"हो."

ते ओसरीच्या कठड्याला टेकून बसले. अरे त्यांच्या पायांच्या आवाजाने आला आणि त्यांच्या गुडघ्यावर मान ठेवून उभा राहिला. त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, पण त्याच्याकडे पाहिले नाही. मी जबाबी जोडकार्ड आणले, लेखणी घेतली आणि तारीख टाकली. त्यांनी आपली वाक्ये सांगितली. पहिले होते तसेच होते. दुसऱ्यात त्यांनी बदल केला: तुमच्या कुत्र्याले दिसते, पण त्याच्या बहीण-भावाले दिसत नाही. तिसरे तसेच. मी हिंदीत लिहीत गेलो.

"चौथं लिहू नका," ते म्हणाले. "परत पाठवा म्हटलं तं त्याले वाटन का मले कुत्रा पाह्यजे."

"याचा बाप कोण ते लिहायचे का?"

"लिहा. याचा बाप मेजर. याच्या मायचा बाप बी मेजर. मी ध्यान देलं नाही."

मी तसे लिहिले आणि वाचून दाखवले. त्यांनी मान हलवली. सही त्यांनी स्वतः केली, मराठीत, पूर्ण नावाने. सही झाल्यावर खाली एक ओळ मोकळी राहिली होती. पूर्वीच्या पत्रांत तेथे त्यांचा रबरी शिक्का असे: ढोमणे संत्रा नर्सरी, हुडकेश्वर. शिक्का त्यांनी बरोबर आणला नव्हता. ते नाव हाताने लिहायचे की ओळ तशीच सोडायची, असे मी विचारले.

"लिहा जी," ते म्हणाले. "कोणाकडचा होय, ते तं समजलं पाह्यजे."

मी लिहिले. पाच वाजता टपालपेटी उघडत असे. पावणेपाच झाले होते. त्यांनी कार्ड खिशात घातले, अरेची मान हळूच बाजूला केली आणि सायकल काढली.